उचलून बघा

"एक कमी आहे," सिस्टर म्हणाल्या.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे वाक्य कोणालाच ऐकायला नको असतं. सर्जनसाहेबांनी पोट शिवायला सुई हातात घेतली होती, ती तशीच राहिली.

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजले, सर. पंचवीस दिले होते, चोवीस परत आले."

मॉप म्हणजे जाड कापडाचा वीतभर चौकोन. पोटात रक्तस्राव व्हायला लागला की असे मॉप आत दाबून बसवतात. जितके आत गेले तितके बाहेर आलेच पाहिजेत, नाहीतर पोट शिवायचं नाही, हा आमचा नियम. बाहेर आलेले मॉप स्टँडला पाच-पाच करून टांगायचं काम माझं. मी इथला अटेंडंट. सगळे मला मामा म्हणतात, माझा सख्खा भाचा एकही नाही ती गोष्ट वेगळी. त्या स्टँडचा शेवटचा आकडा रिकामा होता. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

टेबलावर एक शाळेतल्या बाई होत्या. सकाळी रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं आणि प्लीहा फुटली. बाहेर बाकावर त्यांचा नवरा बायकोची एक चप्पल हातात धरून बसला होता. दुसरी रस्त्यावरच राहिली असावी.

"प्रेशर ऐंशी," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "सर, ह्यांना फार वेळ झोपवून ठेवता येणार नाही. आटपा."

"मी हात घालून बघितलंय. आत काही नाही," साहेब म्हणाले. "सिस्टर, पाकिटातच एक कमी आला असेल."

"पाकिटं मी स्वतः फोडून मोजली, सर."

सिस्टरना आम्ही मागे हेडमास्तरीण म्हणतो. त्यांनी मोजलं म्हणजे मोजलं. मॉपमध्ये एक दोरा असतो, तो एक्सरेत दिसतो. पण थिएटरचं मशीन सोमवारपासून आजारी आणि दुसरं चार मजले खाली. पोट उघडं असलेल्या माणसाला तिथं कोण नेणार?

मी टेबलाखाली वाकून बघितलं. बुटांचे तळवे बघितले. कचऱ्याच्या दोन पिशव्या चादरीवर उपड्या केल्या आणि एक-एक बोळा सोडवला. काही नाही. तिसरी पिशवी भरली म्हणून मघाशीच खाली जाळायला गेली होती.

साहेब माझ्याकडे वळले. "मामा, मघाशी माझ्या पायाशी रक्त सांडलं होतं ते तुम्ही पुसलंत. कशानं पुसलंत?"

घाईत माणूस हाताला लागेल ते घेतो. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक कोरा मॉप जमिनीला लावला होता, तेव्हा सिस्टरनी माझी अशी हजेरी घेतली की आठवडाभर मी त्यांच्यासमोर जायला बिचकत होतो. आज काय घेतलं होतं? वाकलेलो आठवत होतं. हातात पांढरं काहीतरी होतं. फडकं की मॉप, ते काही केल्या आठवेना.

"तिसऱ्या पिशवीत गेला तो," साहेब म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "तुम्हीच घेतला होतात ना? हो म्हणा. सिस्टर तसं लिहितील, मी पोट बंद करतो. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही, माझा शब्द."

एका 'हो'चं काम होतं. बाईंचं प्रेशर पडत होतं, सगळे खोळंबले होते, आणि खोटंच म्हणाल तर ते खोटं आहे हे मलाही नक्की माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि सकाळचा चहा आठवला.

चहाच्या खोलीत सिस्टर आणि साहेब यांची रोज जुंपते. विषय एकच, देव. सिस्टर दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, साहेब कशालाच न जाणारे. सकाळी साहेब म्हणाले होते, "सिस्टर, एक पुरावा द्या, उद्यापासून तुमच्या शेजारी बाकावर येऊन बसतो."

"रक्ताच्या रिपोर्टसारखा पुरावा नाही देता यायचा. कारणं देते. ज्याला मागेपुढे कोणी नाही अशा माणसाचं पोटही तुम्ही नीट शिवता. कसंही शिवलं तरी कोण विचारणार होतं? पण आतून आवाज येतो, हे चालणार नाही. तो कुणाचा?"

"आईनं लावलेली सवय, दुसरं काय."

"आणि आईला कुणी लावली? बरं, ते राहू द्या. येशूला मारलं तेव्हा त्याची माणसं दारं लावून, घाबरून बसली होती. मग तीच रस्त्यावर येऊन सांगायला लागली की तो उठला, आम्ही त्याला बघितलं. त्यापायी मार खाल्ला, काहींनी जीवही दिला. खोटं बोलणारा दोन फटक्यांत कबूल होतो, सर."

"खोट्यावर मनापासून विश्वास ठेवून मरणारेही असतात की."

"असतात. पण ते ऐकीव गोष्टीवर मरतात. ह्यांनी बघितलं होतं की नव्हतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं."

साहेब हळूच म्हणाले, "लहान पोरं माझ्या टेबलावर जातात. ती का?"

"ते मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी त्याला विचारते, अजून उत्तर आलेलं नाही. एवढंच माहीत आहे की तो लांबून बघत बसला नाही. स्वतः माणूस होऊन आला आणि मेला."

मी कप विसळत ऐकत होतो. असल्या वादात मी पडत नाही. माझी बायको सिस्टरच्याच चर्चला जायची. मी तिला फाटकापर्यंत सोडायचो आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभा राहायचो. आठ महिन्यांपूर्वी ती गेली.

घरात मला कधी काही सापडायचं नाही. कपाट उघडायचं, दारातूनच नजर टाकायची आणि ओरडायचं, "नाहीये इथं." ती आतून म्हणायची, "अहो, जागेवरून ओरडू नका. उचलून बघा." मी कधी उचललं नाही. ती यायची, वरचे दोन कपडे बाजूला करायची आणि माझा चष्मा हातात ठेवायची, वर माझ्याकडे अशी बघायची की चष्मा घालायचीही लाज वाटावी.

शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "मी गेल्यावर एकदा देवाला शोधा. नाही सापडला तर नाही म्हणा, मी रागावणार नाही. पण कपाटासारखं करू नका."

मी केलं ते कपाटासारखंच. ती गेली त्या दुपारी वॉर्डाच्या दारात उभं राहून मी म्हणालो होतो, असशील तर हिला वाचव, नाहीतर तू नाहीस. इतकंच. तासाभरात ती गेली आणि मी तो विषय टाके घालून बंद केला.

"मामा," साहेब म्हणाले. "हो की नाही?"

सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या रिकाम्या आकड्याकडे बघत होत्या. 'हो' माझ्या जिभेवर होतं.

"मला आठवत नाही, सर," मी म्हणालो. "हो म्हटलं तर ते खोटं होईल."

"अरे, पण आत नाहीये. मी बघितलं ना."

आणि तोंडातून निघून गेलं, "जागेवरून नको, सर. उचलून बघा."

बावीस वर्षांत मी ह्या माणसाला 'हो सर' सोडून काही बोललो नव्हतो. आता नोकरी गेली, मी मनाशी म्हटलं.

"सर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मघाशी तुम्ही तो नाही हे आम्हाला दाखवायला बघितलंत. एकदा तो आहे असं धरून बघा."

साहेबांच्या मास्कवरचे डोळे लाल झाले होते. त्यांनी भूलवाल्या डॉक्टरांकडे बघितलं.

"रक्ताची आणखी एक पिशवी लावतो," ते म्हणाले. "दोन मिनिटं. तिसरं मागू नका."

साहेबांनी सुई ट्रेमध्ये टाकली. या खेपेला त्यांनी नुसता हात फिरवला नाही. आतडी दोन्ही हातांनी उचलून ओल्या कापडावर बाहेर घेतली. डावीकडे, जिथं फुटलं होतं तिथं बोटांनी कोपरा न् कोपरा चाचपला. नाही. खाली बघितलं. नाही. एक मिनिट गेलं. प्रेशर सत्तर झालं. मला वाटलं, मी ह्या बाईंना मारलं. एक 'हो' म्हणालो असतो तर एव्हाना पोट शिवून होत आलं असतं.

"यकृत वर धरा," साहेब आपल्या सहायक डॉक्टरांना म्हणाले. "अजून वर. दिवा इकडे."

मी दिवा वळवला. साहेबांचा हात यकृताच्या मागे मनगटापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डोळे मिटले. मग हात हळूहळू बाहेर आला. मुठीएवढा, काळपट लाल, मांसापासून वेगळा ओळखू येणार नाही असा गोळा होता. साहेबांनी तो उलगडला. चार कोपरे होते आणि एका कोपऱ्याला निळा दोरा.

साहेबांनी तो माझ्या चिमट्यात दिला. मी शेवटच्या आकड्याला टांगला. सिस्टरनी पहिल्यापासून, मोठ्यानं, पंचविसापर्यंत मोजलं.

"पूर्ण," त्या म्हणाल्या. "बंद करा, सर."

अर्ध्या तासानं बाईंचं प्रेशर शंभराला आलं. मी ट्रॉली बाहेर ढकलली तेव्हा नवरा उठून सोबत चालायला लागला, चप्पल हातातच. मॉपचं त्याला कोणी सांगितलं नाही. सिस्टर सगळं लिहिणार होत्या, साहेबही सही करणार होते, पण ते नंतर.

मी परत आलो तर साहेब हात धूत होते. आरशातून म्हणाले, "मामा, ते उचलून बघा कुठून आणलंत?"

"बायकोचं आहे, सर."

"बरं बोलायच्या."

"फार बोलायची," मी म्हणालो आणि माझा आवाज फाटला. साहेबांनी नळ जरा मोठा केला.

बाजूला सिस्टर रजिस्टर भरत होत्या. साहेब त्यांना म्हणाले, "मी हरलो असं समजू नका हं. मॉप सापडलाय, देव नाही."

"मी कुठं काय म्हटलं?" सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "चहाला या."

संध्याकाळी पाचला ड्युटी संपली. घरच्या रस्त्यावर चर्चचं फाटक लागतं. आठ महिने मी समोरच्या फूटपाथनं जात होतो. आज फाटकाशी थांबलो आणि सवयीनं खांबाला टेकलो. मग माझाच मला राग आला. इथूनच तर इतकी वर्षं बघत आलो.

आत कोणी नव्हतं. बायको कुठल्या बाकावर बसायची हेही मला माहीत नव्हतं, कधी आत आलोच नव्हतो. खांबामागचा एक बाक धरला. हात जोडायचे की गुडघे टेकायचे कळेना, म्हणून नुसता बसलो. वॉर्डाच्या दारातून म्हटलं होतं ते आठवलं आणि तसलं काही आज म्हणायचं नाही असं ठरवलं. तुझ्याकडून काही करून घ्यायला आलो नाही, मी म्हणालो. ती तुला ओळखायची. तू आहेस असं धरून आलोय. मला ती गेल्याचा तुझ्यावर राग आहे, तोही घेऊनच आलोय. पुढे काय बोलायचं सुचेना. रडू आलं ते मात्र पोटभर आलं.

किल्ल्यांचा आवाज झाला. झाडलोट करणारी म्हातारी बाई बाकांच्या मधून आली. "दादा, बंद करायचंय," ती म्हणाली.

"थोडं थांबता का?" मी म्हणालो. "मी आत्ताच सुरुवात केलीय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि दाराजवळच्या बाकावर पाय पसरून बसली.