मॅग्डाच्या चेहऱ्यावरची फुली

"हिच्या तोंडावर फुली कोणी मारली?" लोरेटाने पान दिव्याखाली धरलं.

"मीच. दुसरं कोण मारणार?" ऑस्करने कोट खुर्चीवर टाकला.

पूर्वी हा माणूस पानं टपालाने पाठवायचा. हल्ली न्यूयॉर्कच्या एका टोकाहून, ब्रॉंक्सहून, क्वीन्सपर्यंत दोन गाड्या बदलून स्वतः घेऊन यायला लागला, तेव्हाच लोरेटाच्या मनात पाल चुकचुकली होती. ऑस्कर पेन्सिलने चित्रं काढायचा, ती त्यांवर शाई चढवायची. आणि पेन्सिलवाल्याने बारीकशी फुली मारली की शाईवालीने ती जागा काळी भरून टाकायची, हा कॉमिकच्या धंद्यातला रिवाज. दोघांनी मिळून अठरा वर्षं मॅग्डा ग्रेव्हला वाढवलं होतं. मॅग्डा म्हणजे खुनांचा तपास करणारी पोलीस. तिने प्रेताच्या छातीवर हात ठेवला की मेलेला बोलायला लागायचा, आणि मग खुन्याची धडगत नसायची.

"गेल्या अंकात सगळी गल्ली काळी. त्याआधी हिचे केस. अरे, एकेक बट काढायचे मी. वाचक पत्रं लिहायचे त्या केसांवर."

"भुताखेतांची गोष्ट आहे, बाई. अंधार नको?"

"मला शिकवू नकोस. काळं फासायला भिंती रंगवणाराही चालतो. संपादकाने शाईसाठी नवी पोरगी बघितलीय ना? ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?"

"कोणी बघितलेली नाही."

पण तो तिच्या तोंडाकडे बघेना, हातांकडेच बघत राहिला. पाणी कुठेतरी मुरत होतं, नक्की.

तिने कॉफी ओतली आणि कपबशी त्याच्यापुढे नेली. कप बशीत किणकिणायला लागला. ऑस्करने न बघताच हात पुढे केला आणि बशी खालून अलगद धरली, रोजचंच काम असल्यासारखी.

लोरेटाने बशी सोडलीच नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"उन्हाळ्यापासून. मॅग्डाच्या पापण्या वाकड्या आल्या होत्या."

"आणि संपादकाला?"

"त्याला पापण्या आणि झुरळाच्या मिशा सारख्याच. उलट म्हणाला, हल्ली अंधार काय झकास जमतोय."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. ती मेजाशी बसली. मॅग्डाचा अर्धा चेहरा तिने जाड ब्रशने काळा भरला; त्या काळ्यात हाताचा कंप दिसत नव्हता. मग ती शेवटच्या चौकटीपाशी आली. तिथे मॅग्डाचा हात होता, प्रेताच्या छातीवर टेकलेला. त्या हातावरही फुली होती.

लोरेटाने रबर घेऊन ती खोडली.

"बोटं फार बारीक आहेत, लोरेटा."

"दिसतंय मला."

तिने टाक दौतीत बुडवला. रेघ मनगटापासून निघाली, पेरांपाशी थरथरली, पुढेही थरथरतच गेली. ती थांबली नाही.

"मेलेला माणूस बोलतोय तिच्याशी," ती म्हणाली. "थरथरणारच हात."

ऑस्करने कॉफी बाजूला सारली आणि पानाचा उचलला जाणारा कोपरा तळहाताने दाबून धरला.