टीच्या पानातला नैवेद्य

मी एक जुना दगड आहे. हवाई बेटावरच्या एका हेइआउच्या, म्हणजे पुरातन देवस्थानाच्या, भिंतीत माझा जन्म गेला. मित्रांनो, आमच्या भिंतीला चुना नाही की माती नाही. माणसांनी रांग धरून आम्हाला किनाऱ्यावरून हातोहात वर आणलं आणि फटींत कपच्या ठोकून बसवलं. त्या कपच्यांच्या जिवावर मी पिढ्यान्‌पिढ्या उभा होतो.

पूर्वी माणसं यायची, भिंतीबाहेर थांबायची, मान खाली घालून निघून जायची. आता पाहुणे येतात. त्यांना आणणारा कामुएला इथलाच. देवस्थान राखणाऱ्या हाउनानीबाईंचा सख्खा भाचा. शिकलेला, गोड बोलणारा आणि पक्का थापाड्या.

"एक दगड टीच्या पानात गुंडाळून देवाला वाहा, इच्छा पुरी होते. आमची हजार वर्षांची चाल आहे," टी नावाच्या इथल्या झुडपाचं हातभर लांब पान दाखवत तो सांगायचा.

हजार वर्षं म्हणे! गेल्या उन्हाळ्यापर्यंत ही चाल त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती.

पाहुण्यांना दगड हवा मुठीत मावणारा. मग काय, उपटा कपच्या! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. देवाचाच दगड देवाला वाहायचा, वर डोळे मिटून फोटो काढून घ्यायचा. मला या भक्तांची किळस यायची.

"कामू, त्यांना हात लावू देऊ नकोस. भिंत बसेल," हाउनानीबाई म्हणाल्या.

"मावशी, इतकी वर्षं नाही बसली ती! लोक खूश होतात, होऊ दे की."

एका दुपारी कोपरा ढासळला आणि मी खाली आपटलो. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या नव्या पाहुण्यांना सांगतो, "बघा, काळाच्या ओघात पडलेली भिंत."

"काल दुपारी जेवणाच्या वेळी पडली," मागून मावशी म्हणाल्या. "काळाला कशाला नावं ठेवतोस? देवापुढची ती पानांची पुडकी सोड आणि एकेक कपची जागेवर बसव."

पाहुणे गाडीत जाऊन बसले. कामुएलाने सुकलेली पानं सोडली. ढीगभर कपच्या निघाल्या, पण कुठली कुठे होती, ते कुणालाच आठवेना. माझ्या बगलेतली कपची त्याच्या हातात आली. मला ती ओळखू आली, पण मला तोंड कुठे आहे? त्याने ती उलटीसुलटी केली आणि बाजूला भिरकावली.

मित्रांनो, देवस्थानात याल तर हात मागे बांधून या. तुमच्या नैवेद्यावाचून देवाचं काही अडलेलं नाही. माझं मात्र त्या कपचीवाचून अडलं आहे.