लिफ्टसाठी चार-तीन-तीन

मुलुंडच्या नवचैतन्य सोसायटीत लिफ्ट कुणाला द्यायची याचा निकाल फुटबॉलवर लावायचं ठरलं, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. फंड एका लिफ्टपुरता, विंग दोन, आणि सभा म्हणजे नुसती बोंबाबोंब. शेवटी कुणीतरी वैतागून ओरडलं, "मॅच लावा ना यार!" आणि ठराव चक्क एकमतानं पास झाला.

ए विंगचा कोच झाला मधुकर. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याचं घर चौथ्या मजल्यावर, आणि त्याच्या बायकोचे, शुभाचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. लिफ्ट आली की शुभा खाली येणार, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं चार-तीन-तीन ही आक्रमक रचना पाठ केली.

"मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन," त्यानं टीमला समजावलं. "प्रियंका, तू उजव्या रेषेला चिकटून राहा. बॉल आला की आत घुस. तुझ्यामागे त्यांचा माणूस आत ओढला जाणार आणि कडेला रान मोकळं! तिथे मागून सुबोध धावत येणार. सुबोधची जागा प्रबुद्धनं भरायची. एकानं सोडायची, दुसऱ्यानं घ्यायची. झकास की नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मधुकर पडला सोसायटीचा जुना पार्किंग सेक्रेटरी. त्यानं मागच्या मैदानावर चुन्यानं प्रत्येकाचा चौकोन आखला आणि आत फ्लॅट नंबर टाकला. तिथेच माशी शिंकली!

नवचैतन्यमध्ये गाडी काढून कुणी दूध आणायला गेला, की परत येईपर्यंत त्याच्या जागेवर दुसऱ्याची गाडी उभी. अशा माणसांना चौकोन दिल्यावर ती हलतात होय?

शिट्टी झाली. बॉल प्रियंकाकडे आला.

"आत घुस!" मधुकर ओरडला.

"आणि ही जागा कोण बघणार, काका?"

तिकडे सुबोध आपल्या चौकोनात दोन्ही हात पसरून उभा. "प्रबुद्ध, तुझा डोळा आहे माझ्या जागेवर. मला सगळं कळतं!"

बी विंगनं फिरायला आल्यासारखं येऊन एक गोल मारला.

"अहो, ते चौकोन पुसा आधी!" चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून शुभा ओरडत होती. गोंगाटात मधुकरला काही ऐकू गेलं नाही. मध्यंतर संपता संपता जिन्याच्या दारात शुभाच उभी राहिली, हातात खराटा.

"कुणाच्या बापाची जागा आहे रे ही?" म्हणत तिनं लंगडत लंगडत चौकोन पुसायला सुरुवात केली.

मधुकर धावत तिच्याकडे गेला. "अगं, तू खाली?"

"मग काय करू? बसत बसत उतरले. वर ओरडून घसा बसला माझा!"

चौकोन गेले आणि टीम सुटली. प्रियंका आत, सुबोध कडेनं, प्रबुद्ध सुबोधच्या जागी, सुबोधचा पास आणि गोल! मधुकर आनंदानं शुभाचा खराटाच नाचवायला लागला.

पण पुढे जायची चटक अशी लागली, की मागे थांबायला कुणी तयारच होईना. शेवटी गोलकीपरही पुढे पळाला. बी विंगनं लांबून एक लाथ घातली आणि बॉल रिकाम्या गोलमध्ये गेला. वाट लागली. लिफ्ट बी विंगला.

मधुकर मटकन मातीतच बसला. "शुभा, हरलो गं. आता तू वर कशी जाणार?"

प्रबुद्धनं वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची आणली. "काकू, बसा."

चौघांनी खुर्ची उचलली. तिघं पुढे वाट मोकळी करत, तिघं मागे आधाराला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सुबोधचा हात भरून आला. त्यानं तोंड उघडायच्या आत प्रियंकानं त्याची बाजू धरली, आणि तिच्या जागी मागचा सरकला. जागा कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. गोलकीपर शुभाच्या चपला घेऊन मागून आला, मधुकर डोळे पुसत त्याच्याही मागून.

दारापाशी खुर्ची टेकली, तरी शुभा उठेना.

"अगं, ऊठ की आता."

"उठते. उद्या सकाळी सगळ्यांनी या रे, मला बाजारात जाऊन स्वतःच्या हातानं भाजी निवडायचीय," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही जिन्यावर काही आखू नका."