चादरीची दोन टोकं

"हातमोजे फक्त यांनाच का?" कामगार खात्यातून चौकशीला आलेल्या बाईंनी मुकादमाला विचारलं.

"त्यांची सवय आहे हो ती. आम्ही कुठे सांगतो?" मुकादम हसला.

घडीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हॉटेलच्या धुलाईघरात तो चादरींच्या घड्या घालायचा, म्हणून घडीवाला. कातडी काळी, केस दाट कुरळे, आणि पणजोबा कुठून मजुरीला आणलेले ते त्याच्यापेक्षा मुकादमाला जास्त पाठ. बाकीचे उघड्या हातांनी काम करत. याच्या हातात मात्र पहिल्याच दिवशी रबरी हातमोजे पडले. "पाहुण्यांच्या चादरी आहेत," मुकादम म्हणाला होता, जणू याचा रंग कापडाला लागणार होता. वंशावरून, वर्णावरून कामावर भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे, असा फलक तिथल्याच भिंतीवर होता. त्याच्या खिळ्याला मुकादम आपला टॉवेल अडकवायचा. शेवटी घडीवाल्याने तक्रार केली होती.

बाई घडीवाल्याच्या जोडीदाराकडे, दादाकडे वळल्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, चालत जवळ यायचं आणि कोपरे एकमेकांच्या हातात द्यायचे. घडीवाल्यासमोरचं टोक कायम दादाच्याच हातात असे. घडीवाल्याची लेक तापाने फणफणली तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन धावलाही दादाच होता.

"माझं लक्ष नव्हतं," दादा म्हणाला. "ते आपले आपणच घालत असतील."

पण बाई खमक्या निघाल्या. एकेकाला बाजूला घेऊन त्यांनी कपडे धुणाऱ्या नव्या पोरीकडून खरं काढलंच. मुकादमाला ताकीद मिळाली, हातमोज्यांची सक्ती गेली.

घरी बायको म्हणाली, "जिंकलात ना? मग तोंड का एवढंसं?"

"दादा खोटं बोलला."

"त्यांनाही बायकापोरं आहेत."

"आणि मला?"

तिने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी घडीवाल्याने यंत्रातून आलेली चादर उघड्या हातांनी उचलली. कापड इतकं उबदार असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. वेड्यासारखा आनंद झाला त्याला. दादाचं खोटंही त्या क्षणी तो पोटात घालायला तयार होता. त्याने दुसरं टोक पुढे केलं.

दादाने खिशातून रबरी हातमोजे काढले आणि सावकाश चढवले.

"हाताला खाज सुटलीय जरा," तो खाली बघत म्हणाला.

फलकाजवळ मुकादम टॉवेलने मान पुसत उभा होता. "ज्याची त्याची मर्जी," तो म्हणाला. "कायदा त्याला थोडाच अडवतो?"

दोघांनी चादर ताणली आणि चालत जवळ आले. कोपरा घेताना दादाच्या हातून निसटला.

"घट्ट धरा, दादा," घडीवाला म्हणाला. "रबरात कापड सरकतं. सवय व्हायला वेळ लागतो."