गाडीला फुटलेला पान्हा

दोन दिवसांची रजा संपवून परतले, तर दवाखान्याच्या फाटकातच रांग. प्रत्येकाच्या हातात काहीतरी भांडं. मला वाटलं, गावाचं पाणी पुन्हा गेलं असणार. पण रांग नळाकडे नव्हती. ती आमच्या गाडीच्या शेडकडे चालली होती. कुणाकडे तांब्या होता, कुणाकडे औषधाची रिकामी बाटली. एका आजोबांनी तर दाढी करायचा मग आणला होता.

"आजोबा, कसली रांग ही?"

"दुधाची," आजोबा म्हणाले. "गाडीला पान्हा फुटलाय."

मी या गावची डॉक्टर. माणसाला होणारे बरेच आजार पाहिलेत, पण गाडी बाळंत झाल्याचं ऐकायची ही पहिलीच वेळ. मी बॅग तशीच खांद्यावर ठेवून शेडमध्ये शिरले.

गाडी आमचीच होती. चारही चाकांना जोर देणारी, नदीच्या उतारातून पलीकडच्या वस्त्यांवर जाणारी ही एकच गाडी दवाखान्याकडे आहे. तिच्या बॉनेटवर फुलं होती, वायपरला हार लटकत होता आणि पोटाखाली स्टीलचं घमेलं ठेवलं होतं. घमेल्यात खरोखरच पांढरं, दाट असं काहीतरी होतं. शेजारी स्टुलावर बाबा बसला होता. मागच्या आठवड्यात हाच गृहस्थ बाजारात गुडघेदुखीचा मलम विकताना मी पाहिला होता. तेव्हा तो बाबा नव्हता, त्याला नुसती दाढी होती.

"माता कुणाच्या रूपात येते?" बाबा गर्दीला विचारत होता. "जिची चारही चाकं जागी आहेत, तिच्या रूपात! दोन चाकांच्या जोरावर पळणाऱ्या गाड्या रस्त्यावर ढिगानं आहेत. येतो त्यांना पान्हा? नाही येत! गाईला आचळं किती? चार. हिला चाकं किती? चार!"

गर्दीनं माना डोलावल्या. हिशेब बरोबर होता.

"आणि मागची स्टेपनी?" कुणीतरी शंका काढली.

"ते वशिंड," बाबा म्हणाला.

"पण बाबा, दुधाला वास मारतोय. अंडं नासल्यासारखा."

"तुमची पापं बाहेर पडताहेत ती! पापाला काय अत्तराचा वास येणार?"

शंका काढणारा खजील झाला आणि त्यानं एक भांडं जास्त भरून घेतलं. गुडघ्याला लावा, डोळ्याला लावा, पोटात घ्या, असं बाबा प्रत्येकाला सांगत होता. मलमाची डबी विकतानाही तो हेच सांगायचा.

आमचे ड्रायव्हरकाका कोपऱ्यात हात जोडून उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, हे काय चाललंय?"

"बाई, खोटं नाही सांगत. माझ्या हातानं झालंय." काका म्हणाले. "तुम्ही गेलात त्या दिवशी नदीतून येताना पाणी चाकांच्या वर होतं. मधेच गाडी थांबली, बराच वेळ पाण्यात उभी राहिली. घरी आणली तर पोटातून घरघर. म्हटलं, तेल बदलून टाकू. गिअरबॉक्सचा नट खोलला, तपकिरी तेल आलं. ते काढून नवं भरलं. मग मागचा तो छोटा डबा, ट्रान्सफर केस, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देतो तो. त्याचा खालचा नट खोलला आणि पांढरी धार! बाबा तिथंच उभे होते, लिफ्ट मागायला आलेले. ते ओरडले, अरे, थांब, ही माता आहे. मी घाबरून नट लावून टाकला."

"आणि नवं तेल?"

"भरलंच नाही. नव्या तेलाचा डबा इथंच पडलाय. बाबा म्हणाले, मातेच्या पोटात आता हात घालायचा नाही. तेव्हापासून तेच शेडमध्ये मुक्कामाला आहेत. दुपारी दार लावून घेतात, मातेची विश्रांती असते. संध्याकाळी परत पान्हा."

मी घमेल्यात बोट बुडवलं. चिकट, गुळगुळीत, हाताला लावायच्या क्रीमसारखं. आणि मग लक्षात आलं की ते क्रीमसारखंच असणार, कारण क्रीम म्हणजे तरी काय, तेल आणि पाणी एकत्र घुसळलेलं. त्या ट्रान्सफर केसमध्ये दातेरी चाकं फिरतात, तेल होतंच, नदीनं पाणी दिलं. गाडी तापलेली होती. गार पाण्यात उभी राहिल्यावर डब्यातली हवा आक्रसली आणि तिनं हवा जायच्या नळीतून पाणी आत ओढून घेतलं. तरी खात्रीसाठी मी शहरातल्या वर्कशॉपला फोन लावला.

"ट्रान्सफर केसमधून पांढरं येतंय," मी म्हटलं.

"पाणी शिरलंय," तिकडून उत्तर आलं. "नळी फाटली असेल. चालवू नका, दातेरी चाकं खराब होतील. अजून काही?"

अजून काही नव्हतं. मी वळून काकांना हे सांगायला गेले, तर काका चप्पल घालत होते.

"मी येतो बाई जरा घरी जाऊन. मुहूर्त झालाय. बाबा स्वतः येताहेत. नातीला पहिला घोट द्यायचाय."

ही नात आठवड्यापूर्वी माझ्याच हातावर जन्मली होती. सूनबाईला अजून नीट दूध येत नव्हतं, पोर रडून रडून लाल व्हायची आणि घरात सगळ्यांची झोप उडाली होती. घराला दूध हवं होतं, आणि बरोबर त्याच वेळी गाडीनं ते दिलं होतं. तेल एवढ्याशा जिवाच्या पोटाऐवजी फुप्फुसात उतरलं, तर मला करता येण्यासारखं फार थोडं उरणार होतं. मी धावतच त्यांच्या मागे गेले.

काकांचं घर दवाखान्याच्या मागच्याच बाजूला. पुढची खोली माणसांनी भरलेली. काकू, म्हणजे काकांची बायको, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सूनबाई भिंतीला टेकून होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बाबाच्या हातात वाटी होती आणि वाटीत चमचा.

"थांबा," मी म्हटलं. "हे दूध नाही. तेल आणि पाणी आहे."

"डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीत रोग दिसतो," बाबा हसून म्हणाला. खोली हसली.

"बाळाच्या छातीत गेलं तर बाळ जाईल!"

"अभद्र बोलू नका हो बाई," कुणीतरी ओरडलं. "मुहूर्ताची वेळ आहे."

काकूंनी पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या गोळ्यांनी हिच्या आईला काही फरक पडला का? नाही ना? मग आता आम्हाला आमचं करू द्या."

मला राग आला, आणि राग आला की माझा आवाज चढतो. पण वाटी हिसकावून काही होणार नव्हतं. मी गेल्यावर त्यांनी दुसरी भरली असती, घमेलं शेजारी शेडमध्येच होतं. मी आवाज खाली आणला.

"बरं. दूध आहे असं धरू. काकू, मला एवढंच सांगा, तुमच्या घरात तान्ह्या पोरीला दूध कच्चंच पाजतात का?"

काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"कच्चं?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरात? मांजराला घालायचं तरी मी तापवून घालते."

"तापवू नका!" बाबा घाईनं म्हणाला. "आग लागली की माता कोपते."

"गाईचं तापवलं तर गाय नाही कोपत," काकू म्हणाल्या. त्यांनी पोर सूनबाईच्या हातात दिली, बाबाच्या हातातली वाटी घेतली आणि उठल्या. "तुम्ही बसा. स्वयंपाकघर माझं आहे."

तेवढ्याशा स्वयंपाकघरात मावतील तेवढी माणसं आत आली, बाकीची दारात. काकूंनी दुधाचं पातेलं काढलं, वाटी त्यात रिकामी केली आणि गॅस पेटवला. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, रोज उभ्या राहतात तशा, दूध वर यायची वाट बघत.

दूध वर आलं नाही. आधी तडतड झाली, फोडणी पडल्यासारखी. मग थेंब उडायला लागले. एक भिंतीवर उडाला, एक बाबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. काकूंनी झाकण ठेवलं, थोड्या वेळानं काढलं. साय नव्हती. फेस नव्हता. पाणी उडून गेल्यावर पांढरेपणाही गेला, आणि पातेल्याच्या बुडाशी तपकिरी तेल राहिलं. आणि तेलातल्या गंधकाचा वास असा सुटला की दारातली माणसं नाक धरून मागे सरली. या वेळी पापांचं नाव कुणी काढलं नाही.

काकूंनी गॅस बंद केला. पातेल्यात वाकून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय पाजणार होता तुम्ही माझ्या पोरीला?"

काका तडक शेडमध्ये गेले, आम्ही सगळे मागे. त्यांनी कोपऱ्यातला नव्या तेलाचा डबा उचलून हलवला. तो त्यांनी न फोडताच ठेवला होता, आता अर्धाही भरलेला नव्हता.

"गाडीच्या त्या ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटर मावतं," काका हळूच म्हणाले, आणि हे आपल्याला आधीपासूनच माहीत होतं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. "दीड लिटर. आणि आपण बादल्या वाटल्या."

बाबाच्या पथारीखाली पाण्याची बादली निघाली आणि मलमाच्या डब्यांमध्ये लपवलेली एक तेलकट रवी. पहिली धार खरीच होती, ती नदीनं दिली होती. पुढची सगळी दुपारच्या विश्रांतीत घुसळली गेली होती आणि तेल भरायच्या वरच्या नटाच्या भोकातून आत ओतली गेली होती. खात्री पटावी म्हणून मी सगळ्यांसमोर एका बाटलीत थोडं तेल आणि थोडं पाणी घातलं आणि आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी बाटली हलवली. दूध तयार झालं.

"म्हणजे मलाही पान्हा फुटतो की," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी आपला मग तिथंच उपडा केला. बाबा तोवर मलमाची पिशवी घेऊन फाटकापर्यंत पोचला होता. त्याला पोलिसांनी नदीच्या उतारावर गाठलं. पलीकडे न्यायला गाडी नव्हती.

त्यानंतर काकांनी तेल रीतसर बदललं. आधी वरचा नट सुटतो का ते पाहिलं, मग खालचा काढला, कारण खालून रिकामं केलं आणि वरचा जाम निघाला तर भरणार कुठून? जुनं पूर्ण वाहू दिलं, थोडं नवं घालून आतून धुतलं, तेही काढलं, नळी बदलली आणि तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत भरलं. बघायला कुणी रांग लावली नाही. मी मात्र घरोघर जाऊन भांडी रिकामी करवली आणि ज्यांनी ते पोटात घेतलं होतं त्यांना तपासलं. सूनबाईला बाळ नीट छातीशी कसं धरायचं, थोड्या थोड्या वेळानं कसं पाजायचं, हे शेजारी बसून दाखवलं. हे मी आधीच बसून दाखवायला हवं होतं. घाईघाईत गोळ्या लिहून दिल्या होत्या. चार दिवसांत पोर पोटभर पिऊन झोपायला लागली.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मी गेले तेव्हा काकू दारात दूधवाल्याकडून दूध घेत होत्या. त्यांनी भांड्यात बोट बुडवलं, थेंब नखावर घेतला, तो ओघळतो का ते पाहिलं आणि दूधवाल्याला दोन शब्द सुनावले. तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, हा माणूस वीस वर्षं दूध घालतोय," त्या म्हणाल्या. "तरी मी रोज बघते, पाणी घातलंय का म्हणून. आणि त्या दिवशी गाडीखालचं आलं, ते पाजायला मी पोरीला मांडीवर घेऊन बसले. एकदाही बोट बुडवून पाहिलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. "पोरगी गेली असती हो माझ्या हातानं."

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. बाबाला पारखायला डॉक्टर व्हावं लागत नाही, शास्त्र शिकावं लागत नाही. दूधवाल्याला तुम्ही रोज जेवढं विचारता, तेवढंच त्यालाही विचारा.