रविवारची किल्ली

किल्ली टोचत होती. पँटच्या उजव्या खिशात, मांडीला नेमकी तिथेच, जिथे ती सकाळी गावाहून दोंडाईच्यामार्गे येताना बसमध्ये टोचत होती आणि मग धुळ्यात उतरल्यावर रिक्षातही टोचत होती — शाळेची पितळी किल्ली, दात झिजलेली, सुतळीत ओवलेली. भोवती नवंकोरं रो-हाऊस, नवीकोरी फरशी, भिंतींना अजून रंगाचा वास. आणि धम्मपाल आपला खिशात बोटं घालून त्या किल्लीशी चाळा करतोय. रविवारी शाळेची किल्ली घेऊन कोण हिंडतं? सविता म्हणतेच, लोक चष्मा विसरतात, पाकीट विसरतात, तुम्ही एक वेळ मला विसराल पण किल्ली नाही. खरंय. किल्ली मी विसरत नाही. पण कुलूप... काल कुलूप लावलं होतं ना?

"सर, इकडे लक्ष द्या," युवराज म्हणाला. देवपूरच्या पलीकडे शेतं बिनशेती करून ज्या कॉलन्या उठल्यात, तिथली घरं दाखवणं हा या पोराचा धंदा, आणि तोंडात त्याच्या खडीसाखर. "वहिनी, तुम्ही ओट्याशी या. ती पिवळी इमारत दिसली? तीच इंग्रजी शाळा. पोरगी गेटातून आत गेलेली तुम्हाला चहा गाळता गाळता दिसेल. रस्ता ओलांडायची भानगड नाही."

सविता खरंच ओट्याशी जाऊन उभी राहिली. चहा गाळावा तसा हात जरासा उचलला तिने, आणि मग कोणी बघितलं की काय म्हणून खाली घेतला. धम्मपालनं बघितलं. लग्नाला दहा वर्षं झाली, त्यातली आठ तिनं गावातल्या त्या दोन खोल्यांत काढली, बी. एड. होऊन, नोकरीची वाट बघत, स्नेहसंमेलनाला शाळेतल्या पोरींचे झगे शिवत. आणि इतक्या वर्षांत तिनं कशावर असा हक्कानं हात टाकलेला त्याला आठवेना. साक्षी जिन्यावरून वर-खाली पळत होती. रिकाम्या घरात तिच्या पावलांचा आवाज दुप्पट होत होता, आणि पोर त्यावरच खूष.

"सर काय करतात?"

"शिक्षक आहेत," सविता म्हणाली.

"अरे वा! कोणत्या शाळेत?"

"जिल्हा परिषद," धम्मपाल म्हणाला.

"मग तर तुम्हाला सांगायलाच नको!" युवराज हसला. वाईट नव्हता त्याच्या मनात काही, मुळीच नव्हतं. आणि धम्मपालही हसला. तेच लागलं. तो हसला ते हसला, पण मी का हसलो? हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकाला म्हणावं, बाबा रे, आमच्याकडचं खाऊ नको, आणि वर दोघांनी मिळून टाळी द्यावी, तसलं ते हसणं. तोंडातून निघून गेलं आणि आता ते परत गिळता येईना.

कुलूप लावलं होतं. लावलंच असणार. शनिवारी सकाळची शाळा, पोरं सुटली, फळा पुसला, टीव्हीवर कापड टाकलं — लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही, त्याला धूळ लागलेली चालत नाही — दार ओढलं, कडी घातली, कुलूप अडकवलं... आणि नेमका तेव्हा मागून भिकन आला. शाळा समितीचा अध्यक्ष, पोटापुरती कोरडवाहू जमीन, आणि तोंडानं फटकळ. "उद्या कोठे, गुर्जी?" म्हणाला. आणि धम्मपाल म्हणाला, "कुठे नाही रे, सासुरवाडीला जाऊन येतो." सासुरवाडी धुळ्याचीच, म्हणजे अर्धं खरंच होतं की ते, परतताना तिकडे चहाला जायचंच होतं. पण उरलेलं अर्धं गिळताना हातांनी काय केलं ते आठवत नाही. टक् असा आवाज... आला होता का? खोटं बोलल्याचं आठवतं, कुलूप दाबल्याचं आठवत नाही.

भिकनशी खोटं बोलायची वेळ यावी! दुसऱ्या कोणाशी बोललो असतो तर एवढं खुपलं नसतं. गेल्या जूनमध्ये हाच भिकन पोराचा दाखला मागायला आला होता. फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली होती, चार घरची पोरं टाय बांधून तिच्यात चढायची, आणि भिकनच्या बायकोनं घरात भुणभुण लावली होती. धम्मपालनं दाखल्याची वही काढलीच नाही. भिकनच्या दंडाला धरून त्याला वर्गाच्या खिडकीशी नेलं. "ती कोण बसलीय?"

"साक्षी."

"कोणाची पोर?"

"तुमनी."

"आणि तिच्या शेजारी?"

"मना किरण."

"मग?"

भिकननं डोकं खाजवलं, पायातल्या चपला बघितल्या, आणि गेला. संध्याकाळी पारावर ही गोष्ट त्यानंच सांगितली — गुर्जीनी पोर जठे, तठेच मना पोर्‍या — आणि यंदा गावातून आणखी एकही दाखला गेला नाही. पट टिकला. शिक्षण परिषदेत धम्मपालनं हे सगळं उभं राहून सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, आणि त्या टाळ्या, खोटं कशाला बोला, त्याला गोड लागल्या होत्या. आता वाटत होतं, मी त्या दिवशी काय केलं? गरजवंतानं दागिना ठेवावा तशी माझी पोर गावाकडे तारण ठेवली. पोरीला विचारलं नाही, तिच्या आईलाही नाही. आणि आता दागिना गुपचूप सोडवून न्यायला आलोय. ती गेली की भिकन येईल, भिकनमागून बाकीचे येतील. पट आधीच काठावर. आणि मग एक दिवस वरून कागद येईल की ही शाळा बंद, पलीकडच्या गावच्या शाळेत मिळवली. ती पितळी किल्ली मग कोणाकडे द्यायची असते?

फोन थरथरला. डाव्या खिशात, दुसऱ्या मांडीला. पडद्यावर नाव — भिकन. धम्मपालनं तो थरथरू दिला.

"बाथरूम बघा," युवराज म्हणत होता. बाथरूम बघितलं. वरची खोली बघितली. सविता हॉलमधल्या भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "इथे बुद्धाची तसबीर छान दिसेल, सकाळचं ऊन येतं," आणि धम्मपाल म्हणाला, "हो, दिसेल." खरोखरच दिसली असती. घर वाईट नव्हतंच. हेच तर दुखणं होतं. घर गळकं असतं, शाळा लांब असती, तर आनंदानं परत गेलो असतो आणि वर बायकोची समजूत काढल्याचं पुण्य मिळवलं असतं.

पुन्हा फोन.

"कोण आहे?" सवितानं विचारलं. युवराज बाहेर गेला होता.

"भिकन."

"घ्या की मग."

"घेतो नंतर."

सविता म्हणाली, "मी काही तुमच्या शाळेची वैरीण नाही हो. पण तुम्ही पहिली-दुसरीला घेऊन बसता तेव्हा तिसरी-चौथी काय करते? टीव्ही बघते. तुम्ही पंचायत समितीत मीटिंगला जाता तेव्हा चारही वर्ग टीव्ही बघतात. दुसऱ्या शिक्षकाचं पद भरलं का कोणी? दोन वर्षं झाली. तुम्ही जीव काढता, मला दिसतं. पण तुमचा जीव म्हणजे काही पोरीचं शिक्षण नाही."

"माझ्या बापानं मला अशाच शाळेत घातलं."

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला, त्यांना सापडली ती सगळ्यांत चांगली शाळा दिली. तुम्ही का देत नाही?"

बाप — आधार नाव त्याचं — दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलायचा. बारा महिने डोळे लाल, बारा महिने शिंका. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यानं नळाखाली हात धुतले, मग मातीनं घासले, मग पुन्हा धुतले, धोतराला पुसले, आणि तेव्हा कुठे पोराचा हात धरला. तरीही अर्ध्या वाटेत धम्मपालचा तळवा चुरचुरायला लागला होता. रडू आलं होतं त्याला. पण हात सोडवावासा वाटला नाही. शाळेच्या दारात बाप म्हणाला, "गुर्जी, याले शिकाडा. मारा, पन शिकाडा," आणि उंबऱ्याच्या आत पाय न टाकता तिथूनच मागे फिरला. बापासमोर आज दोन शाळा ठेवल्या असत्या, एक ही पिवळी आणि एक पोराची, तर त्यानं नातीचा हात धरून कुठली वाट धरली असती? एका दमात उत्तर यायला हवं होतं. येत नव्हतं.

बाहेरून युवराजची हाक आली, सर, आवडलं असेल तर आजच काय ते बोलून घेऊ, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय. दुसरी पार्टी नेहमीच संध्याकाळी येते. धम्मपाल "आलोच" म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. मागे अजून शेतच होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून एका कडेला रचलेल्या, आणि मार्चअखेरचं ऊन नुसतं कडकडीत. तिसऱ्यांदा फोन थरथरला. कळलं असणार त्याला. विचारणार, गुर्जी, खिडकीशी नेऊन काय दाखवलं होतं मला? विचार बाबा, विचार एकदाचं. शिव्या दे. धम्मपालनं फोन कानाला लावला.

"गुर्जी, फोन काब्र उचलतस नही? धुळाले गयात आनि मोठा साहेब व्हई ग्यात का?"

"नाही रे... आवाज नव्हता आला. बोल."

"शाळानं कुलूप उघडं शे. कडीले नुसतं लटकेल शे. दोन बकऱ्या घुसन्यात, त्या हाकली दिध्यात. टीव्हीले काही व्हयेल नही. मी सकायपाईन आठेच बसेल शे."

धम्मपालला आधी बरंच वाटलं, एवढंच ना, कुलूपच ना. आणि मग भिकनचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं. "सकाळपासून? अरे, कडीत काडी अडकवून घरी जायचं. जेवलास का तू?"

"किरणनी भाकर आनी दिधी. ते जाऊ द्या. घर कसं शे?"

शेतात एक टिटवी ओरडत होती.

"घाई करू नका, गुर्जी. नळले पानी कव्हय येस ते पहिले इचारा. हाई घरं विकनारा लोके पान्यानं खरं सांगतस नही."

"तुला कोणी सांगितलं? घराचं?"

"ल्या! बठ्ठा गावले माहीत शे. संक्रांतपाईन."

संक्रांतीला तर सविताशीही नीट बोलणं झालं नव्हतं. संक्रांतीला त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. "मग बोलला का नाहीस काही?" हे त्यानं विचारलं ते जवळजवळ रागावून विचारलं.

पलीकडे भिकननं बिडीचा झुरका मारल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आमी काय बोलानं, गुर्जी? पोर तुमनी शे."

फोन बंद झाल्यावरही धम्मपाल तो कानाशी धरून उभा होता. दिवसभर — छे, महिनाभर — तो एकाच गोष्टीला भीत आला होता, की कोणीतरी पकडेल, जाब विचारेल, पुढे येऊन म्हणेल, कुठे निघालात गुरुजी? आणि आता कळत होतं की ती भीती नव्हतीच, वाट बघणं होतं. कोणी अडवलं असतं तर किती बरं झालं असतं! राहिलो असतो, किंवा भांडून निघून आलो असतो. पण कोणी येणार नव्हतं. गाव बिचारं सगळं जाणून गप्प होतं, त्याच्या उघड्या शाळेच्या दारात भाकर खात बसलं होतं, आणि वर नळाचं पाणी बघ म्हणत होतं. खिशातली किल्ली त्यानं बाहेर काढली. दिवसभर उघड्या कुलपाची किल्ली जिवापाड सांभाळत हिंडलो. मुठीत ती इतकी घट्ट धरली गेली की तिचे झिजलेले दात तळव्यात रुतले.

"पप्पा!" साक्षी मागच्या दारातून धावत आली, पाठोपाठ सविताही येऊन उंबऱ्याशी थांबली. "पप्पा, ते काका विचारतायत, काय ठरलं?"

आणि पोरीनं नेहमीसारखा हात पुढे केला. धम्मपालनं किल्ली दुसऱ्या हातात घेतली. तळवा चुरचुरत होता. त्यानं तो पँटला पुसला, उलटा करून बघितला, पुन्हा पुसला. साक्षी हात पुढे करून उभीच होती, आणि तो पुसतच राहिला.