हात लावून जा

एतियेनला सर्दी झाली होती. सुरुवात एवढीच. पुढचं सगळं त्या सर्दीतून निघालं.

दर नोव्हेंबरला तो आणि त्याची पोर ओदील गास्पेहून निघायचे. गास्पे म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडचं एक टोक, जिथे समुद्रसुद्धा गोठतो. उन्हाळ्यात एतियेन तिथे लाकडी बोटी दुरुस्त करायचा. बायको नोएमी तिथल्याच दवाखान्यात नर्स, तिला काय ती नाताळात तीन आठवडे रजा. हिवाळ्यात बोटी बर्फाखाली गेल्या की बाप-लेक दोन विमानं आणि एक बस करून मेक्सिकोत, वाहाकाच्या किनाऱ्यावरच्या एल करीसाल गावात यायचे. मुक्काम एप्रिलपर्यंत. इथे फिदेन्सियोकाकाच्या शेडमध्ये मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं उघडी पडलेली असायची, म्हणजे एतियेनच्या हाताला काम. आणि तो कामावर गेला की ओदील शेजारच्या चायोमावशीकडे.

हा चौथा हिवाळा. पहिल्या वेळी आली तेव्हा ओदील आठ महिन्यांची, रांगत होती. पहिलं पाऊल तिनं मावशीच्या अंगणात टाकलं, लिंबाच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मक्याची पेज ती तिथेच फुंकून प्यायला शिकली, कोंबडी कशी पकडायची तेही. मावशीच्या ओट्यावर तिच्यासाठी एक निळं स्टूल होतं. सहा महिने त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. मांजर बसलं तरी मावशी हाकलायची, "ऊठ, मालकीण परदेशी गेलीय."

आणि हात. हातांचं सांगायलाच हवं.

पहिल्या वर्षी बाजारात एका कोळणीनं "अगं बाई, काय गोड पोर!" म्हणत मासळीचा हात सरळ ओदीलच्या डोक्यावरून फिरवला होता. एतियेननं पोरीला झटक्यात छातीशी ओढलं. गास्पेत परक्याच्या मुलाला कुणी हात लावत नाही. गोड आहे म्हणायचं, हसायचं, हात खिशात ठेवायचे. ही तिथली रीत.

चायोमावशीनं तेव्हाच त्याला झापलं होतं. "अरे बावळटा, ती तुझ्या पोरीला जपतेय! पोर डोळ्यांत भरलं आणि हात न लावता पुढे गेलं की दृष्ट लागते. हात लावला की उतरते. तुझ्या गावात कसं करतात?"

"काहीच करत नाहीत."

"काहीच नाही? मग तिथली पोरं जगतात कशी रे?"

तेव्हा तो हसला. पण हळूहळू त्याला ते आवडायला लागलं. एकदा त्यानं मोजलं. घरापासून धक्क्यापर्यंत जाताना ओदीलच्या डोक्यावरून अकरा हात फिरले. टायर पंक्चरवाला, दोन शाळकरी पोरी, एक म्हातारा ज्याला नीट दिसतही नव्हतं. अकरा! नोएमीला त्यानं फोनवर सांगितलं, "आपली पोर इथे गल्लीनं वाटून घेतलीय." त्याला ह्या लोकांचं खरंच कौतुक वाटायचं. मूल वाढवायला ह्यांना पुस्तक लागत नाही, असं तो म्हणायचा.

तर ह्या वर्षी बसमधून उतरला तो नाक गळत. विमानातली सर्दी. चायोमावशीच्या फाटकात गल्ली जमलेली. तिची मुलगी यादिरा हिला जुलैमध्ये मुलगा झाला होता, नेरेओ. चार महिन्यांचा, गुबगुबीत, आणि डोळे असे की माणूस बोलायचं विसरेल.

"काय डोळे आहेत!" एतियेन म्हणाला. "टपोरे! मी आजवर असं बाळ बघितलं नाही!"

यादिरानं कौतुकानं बाळ पुढे केलं.

एतियेन दोन पावलं मागे सरला. लहान बाळाला सर्दी नको लागायला. हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. ओदील मात्र पुढे गेली, बाळाच्या तळपायाला हात लावला आणि बापाकडे बघत राहिली, जणू आता त्याची पाळी. तो नुसता हसला आणि बॅगा उचलून घरात गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चायोमावशीचं दार बंद.

असं कधीच झालं नव्हतं. आत बाळ रडत होतं, चिरक्या आवाजात. एतियेननं दार वाजवलं. "आज नको," एवढंच आतून आलं. निळं स्टूल बाहेर ओट्यावर होतं. ओदील त्यावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. उठायला तयार होईना. तिला उचलून शेडवर न्यावं लागलं. चौथ्या दिवशीही तेच. फरक एवढाच की ह्या वेळी ती रडली.

शेडमध्ये ती नटबोल्टांशी खेळत बसली आणि एतियेननं चुकीच्या इंजिनात तेल ओतलं.

फिदेन्सियोकाका बघत होता. सत्तरीचा, बारीक, जिभेला हाड नाही. "ते माझं इंजिन नाही, गिऱ्हाइकाचं आहे. मार तुला पडेल." मग जवळ आला. "एस्तेबान," इथे सगळे त्याला एस्तेबानच म्हणायचे, "तू यादिराच्या बाळाला हात लावलास का रे?"

"नाही. सर्दी होती मला."

"पण कौतुक केलंस."

"केलं की. सगळ्यांनी केलं."

"सगळ्यांनी हात लावला. आख्खी गल्ली रांगेनं लावून गेली. एक सोडून." काकानं बोट पुसलं. "पोराला ताप आहे. दूध टाकतोय, एक डोळा बारीक झालाय. चायोनं अंगावरून अंडं उतरवून पाण्यात फोडलं. बलकात डोळा उमटला, अस्सा. आता तूच बघ, गल्लीत राखाडी डोळे कुणाचे आहेत ते."

एतियेनचं डोकं सणकलं. "मी त्याला जपत होतो! सर्दी लागू नये म्हणून!"

"वा. फार छान जपलंस."

"मग मावशीनं मला सांगितलं का नाही? भिंतीला भिंत लागून आहे!"

"काय सांगेल? 'तुझ्या नजरेनं माझा नातू आजारी पाडला'? शेजाऱ्याला तोंडावर असं कोण म्हणतं? तू वाईट आहेस असं कुणी म्हणत नाहीये रे. तुझी नजर जड आहे, जसा कुणाचा हात जड असतो. पण ज्यानं बघितलं त्यानं आपणहून यायचं. ओढून आणलेल्याचा हात काय कामाचा? ती दार लावून वाट बघतेय, कळलं का? तुझीच वाट बघतेय."

एतियेननं नोएमीला फोन लावला. तिनं दृष्टीबिष्टीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताप किती दिवस? दूध ओढतोय का? लघवी किती वेळा?"

"मला काय माहीत, दार बंद आहे."

"मग उघडून घे. बाळाला डॉक्टरकडे न्यायला हवं. आजच."

"आणि हात लावायचं?"

"लाव की."

"नोएमी, मी हात लावायला गेलो म्हणजे माझ्यामुळेच झालं असं मान्य केल्यासारखं होईल. आणि लावून काही फरक पडला नाही तर? मग ओदीलला ते पुन्हा कधी घरात घेतील?"

"एतियेन, तुझी पोर चार हिवाळे त्या बाईच्या मांडीवर वाढली. तिनं तुला एका पायावर नाचायला सांगितलं तरी नाच. सर्दी गेली ना? साबणानं हात धू आणि जा."

त्यानं हात धुतले. कोपरापर्यंत. दोनदा. मग उगाच तिसऱ्यांदा धुवायला लागला तेव्हा ओदील त्याची टोपी घेऊन समोर उभी राहिली. "पप्पा, चल." काकानं गाडीतून दोघांना मावशीच्या फाटकाशी आणलं, आणि ओदीलनंच पुढे जाऊन मावशीचं दार वाजवलं, दोन्ही मुठींनी.

चायोमावशीनं दार उघडलं. डोळे जागरणानं लाल.

रस्त्यानं एतियेननं बरंच काही जुळवलं होतं, सर्दीचं, जंतूंचं. ते सगळं विसरला. "मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी बाळ बघितलं. फार आवडलं मला. आणि हात लावायचा राहिला."

मावशीचा चेहरा एकदम सैल झाला. "ये," ती म्हणाली. "ये माझ्या लेकरा, आत ये."

यादिरानं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं बोटाच्या टोकानं कपाळाला स्पर्श केला.

"असा नाही रे ठोंब्या!" मावशी ओरडली. "इंजिन गरम आहे का बघतोयस? तळवा टेकव, पूर्ण! डोकं, कपाळ, गाल, पोट. आता पाय. घाई कसली आहे तुला?"

त्यानं तळवा टेकवला. बाळ तव्यासारखं तापलेलं. आणि तळव्याखाली त्याला ते लागलं. टाळूची मऊ जागा आत गेलेली, खोलगट. ओठ कोरडे, पापुद्रे निघालेले. रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ओदील लहान असताना नोएमीनं त्याला हे तिन्ही दाखवून ठेवलं होतं, आणि असं दिसलं तर थांबायचं नाही हेही.

"मावशी, मी तुझं ऐकलं," तो म्हणाला. "आता माझं एक ऐक. ह्याच्या अंगातलं पाणी संपत आलंय. काकाची गाडी बाहेर आहे. आत्ताच्या आत्ता निघायचं."

मावशीनं यादिराकडे बघितलं. मग खुंटीवरची शाल ओढली. "बसा गाडीत. आणि तू हात काढू नकोस त्याच्यावरचा."

तालुक्याचा दवाखाना चाळीस मिनिटांवर. सबंध रस्ता खड्ड्यांचा, फिदेन्सियोकाका प्रत्येक खड्ड्याला वेगळी शिवी देत होता, आणि एतियेनचा तळवा बाळाच्या पोटावर. डॉक्टरणीनं सलाइन लावलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी नेरेओनं आईला पिऊन पिऊन दमवलं. दोन्ही डोळे सारखे, टपोरे.

गल्लीत मग वाद. निम्मे म्हणाले हातानं बरा झाला, निम्मे म्हणाले सलाइननं. एतियेन सलाइनवाल्यांतला, पण गप्प बसला होता. शेवटी चायोमावशीनंच त्याला ओट्यावर गाठलं.

"मनात काय आहे ते कळतंय मला. म्हणतोस, मावशी अडाणी आहे."

"नाही मावशी."

"मग सांग, पोराची टाळू आत गेलीय हे तुला कधी कळलं?"

तो आपल्या तळव्याकडे बघायला लागला.

"हात लावलास तेव्हा! फाटकातून दिसलं असतं का? आम्ही तीन दिवस उराशी धरून बसलो, आम्हाला कळलं नाही. तुझ्या हाताला कळलं." तिनं सोललेलं संत्रं त्याच्या हातात कोंबलं. "लांबून कौतुक करणाऱ्याला काही दिसत नसतं रे."

एतियेन संत्रं खात बसला. मावशीचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि पटलं ह्याचा त्याला आनंदच झाला होता. अंगणात ओदील निळ्या स्टुलावर बसून कोंबड्यांना हुकूम सोडत होती.

त्यानंतर सबंध हिवाळा त्याची सुटका नव्हती. कुठेही बाळ दिसलं की आया हाका मारायच्या, "ए एस्तेबान! बघितलंस ना? मग हात लावून जा!" नाताळात नोएमी आली तेव्हा तिनं विचारलंसुद्धा, "तू इथे निवडणुकीला उभा आहेस का?"

एप्रिलमध्ये निघताना चायोमावशीनं ओदीलच्या मनगटाला लाल दोरा बांधला. डोळे पुसत म्हणाली, "सहा महिने. तिथे हिला कोण रे हात लावणार?"

"मी आहे ना मावशी."

"बापाचा धरत नाहीत," मावशी म्हणाली.

गास्पेत अजून बर्फ होतं. पहिल्याच आठवड्यात पोस्टात बुजो बाई भेटल्या, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. "केवढी मोठी झाली! आणि किती गोड!" त्या हसल्या. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

ओदील त्यांच्याकडे बघत थांबली. बराच वेळ थांबली. मग पुढे होऊन तिनं बाईंच्या खिशात स्वतःचा हात घातला, त्यांचा हात बाहेर ओढून काढला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

एतियेननं माफी मागायला तोंड उघडलं. आणि मिटलं. बुजो बाई गोंधळल्या होत्या, पण त्यांनी हात काढला नव्हता. केसांवरून एकदा फिरवला. मग परत एकदा, सावकाश.

एतियेननं मनात मोजलं. एक.